चर्चच्या वर्षाबरोबर बायबल कसं वाचावं : नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

पहिल्या पानापासून बायबल वाचायचं ठरवून अनेक जण उत्साहानं बसतात. उत्पत्ती भराभर वाचून होतं, निर्गमचा पूर्वार्ध गोष्टीसारखा ओढून नेतो. मग निवासमंडपाची मोजमापं आणि लेवीयातले यज्ञांचे नियम येतात आणि वाचन तिथेच थांबतं. यात वाचणाऱ्याचा दोष नसतो. शेकडो वर्षांत, वेगवेगळ्या हातांनी लिहिल्या गेलेल्या या ग्रंथसंग्रहात शिरायचं कुठून, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

ख्रिस्ती मंडळीनं फार पूर्वीपासून एक वाट आखून ठेवली आहे : वर्षातल्या काळांप्रमाणे ठरलेले उतारे वाचायचे. उपासनेत शास्त्राचा भाग मोठ्यानं वाचण्याची पद्धत मंडळीला यहुदी सभास्थानातून मिळाली. लूकच्या चौथ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात वाचायला उभा राहतो आणि त्याच्या हाती यशयाचं पुस्तक दिलं जातं, ते दृश्य याच परंपरेतलं आहे. चर्चचं वर्ष ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहण्यापासून सुरू होतं आणि त्याचा जन्म, कार्य, दुःखसहन, पुनरुत्थान, पवित्र आत्म्याचं येणं अशा टप्प्यांनी पुढे जातं. कोणताही उतारा त्याच्या काळात आणि त्याच्या सोबतच्या उताऱ्यांबरोबर वाचला, तर एकट्यानं वाचताना न दिसलेल्या कितीतरी गोष्टी दिसू लागतात. ते कसं करायचं, ते आता पाहू.

पहिली पायरी : आज आपण वर्षात कुठे आहोत?

चर्चचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं. हा रविवार ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्यानंतर नाताळ, ६ जानेवारीचा प्रकटीकरणाचा सण, राखेच्या बुधवारपासून प्रायश्चित्तकाळ (अनेक मंडळ्यांत याला लेंटच म्हणतात), पवित्र सप्ताह, पुनरुत्थानकाळ, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या येण्याचा सण) आणि शेवटी सर्वांत लांबलचक सामान्यकाळ. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची रचना वेगळी आहे. बायझंटाईन परंपरेत वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. इथे मी पाश्चात्त्य परंपरेचा क्रम धरला आहे.

नाताळची तारीख पक्की, ईस्टरची मात्र सरकती. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, आणि ही पौर्णिमा चर्चच्या गणितानं ठरते. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांत कधीही येऊ शकतो. राखेचा बुधवार त्याच्या ४६ दिवस आधी येतो. मधले सहा रविवार वजा केले की उपवासाचे ४० दिवस उरतात. ईस्टर धरून मोजलं तर पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट.

वहीच्या पहिल्या पानावर या तारखा लिहून ठेवा. २०२६-२७ च्या वर्षासाठी त्या अशा : आगमनकाळाचा पहिला रविवार २९ नोव्हेंबर २०२६, राखेचा बुधवार १० फेब्रुवारी २०२७, ईस्टर २८ मार्च, स्वर्गारोहणाचा गुरुवार ६ मे, पेंटेकॉस्ट १६ मे, आणि नव्या आगमनकाळाची सुरुवात २८ नोव्हेंबर २०२७. एवढ्यावर सगळं वर्ष डोळ्यांपुढे उभं राहतं.

दुसरी पायरी : वाचनमाला मिळवा

कोणत्या रविवारी कोणते उतारे, याचा तक्ता म्हणजे वाचनमाला, म्हणजेच लेक्शनरी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चनं १९६९ मध्ये तीन वर्षांची नवी वाचनमाला प्रसिद्ध केली. तिच्याच धर्तीवर अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांनी मिळून आपली सामायिक वाचनमाला तयार केली. तिचं सुधारलेलं रूप १९९२ चं, म्हणून तिला रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी म्हणतात (पुढे नुसती कॉमन लेक्शनरी). दोन्हींत शुभवर्तमानाचे उतारे पुष्कळदा एकच असतात, जुन्या करारातले मात्र बऱ्याच ठिकाणी वेगळे. काही मंडळ्या अजून जुनी एका वर्षाची वाचनमाला वापरतात. तुमच्या चर्चमध्ये कोणती चालते, हे पाळकांना किंवा फादरांना विचारून घ्या आणि तीच धरा. घरी एक उतारा आणि रविवारी कानावर दुसराच, असं झालं की अभ्यासाचा निम्मा आनंद जातो.

तीन वर्षांना अ, ब, क म्हणतात. अ वर्षात शुभवर्तमान मत्तयाचं, ब वर्षात मार्कचं, क वर्षात लूकचं. योहानासाठी वेगळं वर्ष नाही. त्याचे उतारे तिन्ही वर्षांत, विशेषतः प्रायश्चित्तकाळात आणि पुनरुत्थानकाळात येतात. वर्ष ओळखायचा हिशेब सोपा आहे. इसवी सनाला ३ ने भागा : बाकी १ उरली तर अ, २ उरली तर ब, काहीच उरलं नाही तर क. फक्त हे ध्यानात ठेवा की चर्चचं वर्ष आदल्या सनाच्या शेवटीच सुरू झालेलं असतं. २०२७ ला भागून २ उरतात, म्हणून नोव्हेंबर २०२६ पासूनचं वर्ष ब, म्हणजे मार्कचं.

प्रत्येक रविवारी साधारण चार वाचनं असतात : जुन्या करारातला उतारा, स्तोत्र, पत्रांतला उतारा आणि शुभवर्तमान. जुनी कॅथलिक पुस्तकं वापरत असाल तर स्तोत्रांचे क्रमांक तपासा. त्यांत बहुतेक स्तोत्रं एका अंकानं मागे असतात, त्यामुळे ५१ वं स्तोत्र तिथे ५० वं दिसेल.

तिसरी पायरी : चार उतारे कोणत्या क्रमानं?

उपासनेत शुभवर्तमान शेवटी वाचतात. घरी अभ्यासाला बसताना मात्र ते आधी वाचावं, असं माझं ठाम मत आहे. रविवारचा गाभा तिथे असतो आणि जुन्या करारातला उतारा बहुधा त्याच्याशी जोडूनच निवडलेला असतो. शुभवर्तमानानंतर जुना करार वाचा आणि दोन्हींत समान काय आहे ते शोधा : एखादी जागा, एखादी प्रतिमा, एखादं वचन. मग स्तोत्र. स्तोत्र हे पहिल्या वाचनाला लोकांनी दिलेलं उत्तर असतं. ते मोठ्यानं वाचा, शक्य असेल तर गा. पत्र शेवटी.

पत्राबाबत नवखे लोक हमखास गोंधळतात. सणासुदीच्या काळात पत्राचा उतारा त्या दिवसाच्या विषयाला धरून असतो, पण सामान्यकाळात तो आपल्याच वाटेनं चालतो. रोमकरांस किंवा करिंथकरांस पत्र आठवड्यामागून आठवडे सलग वाचलं जातं, आणि त्याचा शुभवर्तमानाशी संबंध असेलच असं नाही. तेव्हा ओढूनताणून धागा जोडू नका. पत्राची वेगळी नोंद ठेवा आणि मागच्या रविवारी ते कुठे थांबलं होतं, ते पाहून पुढे जा.

हे सगळं एका बैठकीत उरकू नका. सोमवारी शुभवर्तमान, मग एकेका दिवशी बाकीचे उतारे, आणि शनिवारी चारही पुन्हा एकत्र. रोज वीस मिनिटं पुरतात. रविवारच्या आधी वाचण्यावर माझा भर आहे, कारण मग प्रवचन ऐकताना तुमच्या मनात तुमचे स्वतःचे प्रश्न असतात.

चौथी पायरी : कात्री कुठे लागली ते पाहा

वाचनमाला म्हणजे निवड, आणि निवडताना काही वचनं गळतात. तक्त्यात स्वल्पविराम दिसला की मधली वगळलेली वचनं बायबल उघडून वाचा. उदाहरणार्थ, कॉमन लेक्शनरीत अ वर्षाच्या एका रविवारी १३९ वं स्तोत्र १ ते १२ आणि २३-२४ असं दिलं आहे. मधल्या भागात आईच्या उदरातल्या घडणीची सुंदर वचनं आहेत आणि दुष्टांच्या नाशाची जळजळीत मागणीही आहे. तो राग वाचल्यावर शेवटची ‘माझं अंतःकरण तपासून पाहा’ ही प्रार्थना फार वेगळी ऐकू येते, कारण द्वेष ओकून झाल्यावर माणूस ती करतो आहे.

दोन रविवारांत विभागलेल्या उताऱ्यांनाही हेच लागू. क वर्षात नासरेथच्या सभास्थानाचा प्रसंग एका रविवारी ‘आज हा शास्त्रलेख पूर्ण झाला’ या आशयावर संपतो. तेच गावकरी येशूला कड्यावरून लोटायला निघतात, ते पुढच्या रविवारी येतं. दोन्ही भाग एकत्र वाचल्याशिवाय लूकला काय सांगायचं आहे ते कळत नाही.

पाचवी पायरी : उताऱ्याला त्या काळाचा प्रश्न विचारा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून एक उदाहरण नीट पाहू.

यशयाच्या नवव्या अध्यायात अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा प्रकाश दिसल्याचं वचन आहे. नाताळच्या रात्री हा उतारा लूकच्या दुसऱ्या अध्यायाबरोबर वाचतात. तिथे सगळी वाट सहाव्या वचनाकडे जाते : आपल्यासाठी बाळ जन्मलं आहे आणि त्याच्या खांद्यावर सत्ता आहे. शेजारीच लूक कैसर औगुस्ताचं फर्मान सांगतो. खरी सत्ता कुणाची, हा त्या रात्रीचा प्रश्न.

अ वर्षात त्याच अध्यायाची सुरुवात जानेवारीत, प्रकटीकरणानंतरच्या तिसऱ्या रविवारी पुन्हा येते. सोबत मत्तय ४:१२-२३ आणि ‘परमेश्वर माझा प्रकाश’ म्हणणारं २७ वं स्तोत्र. आता बाळाचं वचन उताऱ्यात नाहीच. नजर जाते ती पहिल्या वचनातल्या जबुलून आणि नफताली या नावांवर. २ राजे १५:२९ उघडा : अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर यानं गालील आणि नफतालीचा प्रदेश घेतला आणि तिथल्या लोकांना बंदी करून नेलं. म्हणजे सर्वांत आधी जो प्रदेश तुडवला गेला, तिथेच प्रकाश येईल असं यशया म्हणतो. मत्तय नेमकं हेच वचन घेऊन सांगतो की बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला अटक झाल्यावर येशू कफर्णहूमला राहायला गेला, आणि लगेच पुढे कोळ्यांना हाक मारतो. वचन तेच, पण नाताळच्या रात्री ते कोण आला हे सांगतं आणि जानेवारीत तो आधी कुणाकडे गेला हे सांगतं.

म्हणून प्रत्येक उताऱ्यापाशी विचारा : हा भाग याच काळात का ठेवला असेल? दुसऱ्या काळात वाचला असता तर माझी नजर कशावर गेली असती? उत्तर वहीत दोन ओळींत लिहा.

पण त्याआधी एक पथ्य पाळा. जुन्या करारातला उतारा आधी त्याच्या स्वतःच्या काळात वाचा. यशया ७ मध्ये शत्रूचे दोन राजे यरुशलेमेवर चालून आलेले आहेत, आहाज राजा घाबरलेला आहे आणि त्याला इम्मानुएल हे चिन्ह दिलं जातं. आहाजाची भीती समजून घेतल्यावर मत्तयाच्या पहिल्या अध्यायात आलेलं तेच वचन अधिक खोल जातं. सरळ मत्तयावर उडी मारली तर यशयाची वेदना हरवते.

काळाकाळांतून जाताना

आगमनकाळात पहिल्याच रविवारी नवखे चकित होतात. गोठा आणि मेंढपाळ यांची अपेक्षा असते आणि शुभवर्तमान निघतं ते जगाच्या शेवटाचं : मत्तय २४, मार्क १३ किंवा लूक २१. मंडळी ख्रिस्ताच्या दोन्ही येण्यांची वाट एकत्रच पाहते आणि दुसऱ्या येण्यापासून सुरुवात करते. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान, आणि चौथ्या रविवारी कुठे योसेफ आणि मरिया. हा क्रम मोडू नका. आपल्याला नाताळची घाई असते, आणि चार आठवडे थांबून राहणं हाच या काळाचा अभ्यास आहे. ब वर्षात पहिल्या रविवारी यशया ६४ मधला ‘तू आकाश फाडून उतरशील तर किती बरं’ हा आक्रोश आहे. पुढे येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मार्क आकाश विदारलं गेल्याचं सांगतो, तिथे पोहोचलात की हे पान पुन्हा उघडा.

नाताळचा काळ छोटा, पण तो २५ डिसेंबरला संपत नाही, सुरू होतो. २८ डिसेंबर हा हेरोदानं मारलेल्या निष्पाप बालकांचा दिवस. मत्तय २:१६-१८ त्या दिवशी आवर्जून वाचा. ६ जानेवारीला मागी लोकांचा, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांचा प्रसंग मत्तयातून आणि सोबत यशया ६०.

प्रायश्चित्तकाळ सुरू होतो योएल २, स्तोत्र ५१ आणि मत्तय ६ यांनी. पहिल्या रविवारी दरवर्षी अरण्यातली परीक्षा. इथे तीन वर्षांची धाटणी वेगवेगळी आहे. अ वर्षात योहानाच्या लांब कथा येतात : कॉमन लेक्शनरीत निकदेम, मग शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस आणि लाजर. यांतल्या शेवटच्या तीन कथा कॅथलिक क्रमातही आहेत. प्राचीन काळी ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या तयारीशी या कथा जोडलेल्या होत्या. पाणी, प्रकाश, जीवन हा क्रम तसा पाहिला की उलगडतो. ब वर्षात कॉमन लेक्शनरीत जुन्या कराराची वाचनं अभ्यासायला फार सुंदर आहेत : नोहाशी करार (उत्पत्ती ९), अब्राहामाशी करार (उत्पत्ती १७), दहा आज्ञा (निर्गम २०), पितळी साप (गणना २१) आणि हृदयावर लिहिलेला नवा करार (यिर्मया ३१). ही पाच वाचनं एका पानावर ओळीनं लिहा आणि प्रत्येकासमोर नोंदवा : करार कोण करतो, चिन्ह कोणतं, आणि मोडतो कोण.

पवित्र सप्ताहात वाचनमाला दर दिवसाला वेगळी असते. यशयाची चार सेवकगीते, म्हणजे परमेश्वराच्या सेवकाविषयीची गीते, इथे वाटून दिली आहेत : सोमवारी ४२, मंगळवारी ४९, बुधवारी ५०, आणि उत्तम शुक्रवारी ५२:१३ ते ५३:१२. गुरुवारी निर्गम १२ मधला वल्हांडण, १ करिंथ ११ मधलं प्रभुभोजन आणि योहान १३ मधलं पाय धुणं. शुक्रवारी योहान १८-१९ सलग वाचा, घाई न करता. तिथे ‘यहूदी’ हा शब्द वारंवार येतो. येशू, मरिया, पेत्र, सगळे शिष्य यहूदीच होते, वधस्तंभाची आज्ञा पिलातानं दिली, आणि हे उतारे चुकीच्या पद्धतीनं ऐकवले गेल्यानं यहुदी लोकांवर शतकानुशतकं अत्याचार झाले, हे ध्यानात ठेवूनच हा भाग अभ्यासावा. गटात शिकवत असाल तर हे स्पष्ट बोलून दाखवा.

प्रायश्चित्तकाळ शिस्तीनं पाळणारे पुष्कळ जण ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी वही मिटतात. खरं तर हा सण ५० दिवसांचा आहे आणि अभ्यासाला यासारखा काळ नाही. जुन्या कराराच्या जागी आता प्रेषितांची कृत्ये येतात, म्हणजे रिकाम्या कबरेमुळे माणसं कशी बदलली, त्याचा वृत्तांत. दुसऱ्या रविवारी दरवर्षी थोमा (योहान २०:१९-३१), चौथ्या रविवारी योहान १० मधला उत्तम मेंढपाळ आणि कॉमन लेक्शनरीत स्तोत्र २३. थोमाचा प्रसंग वाचताना वेळेकडे लक्ष द्या. पहिली भेट पुनरुत्थानाच्या संध्याकाळी, दुसरी आठ दिवसांनी. मंडळी तो त्याच रविवारी वाचते, त्यामुळे शंका घेणारा थोमा आपल्याबरोबरच तो आठवडा काढतो.

पेंटेकॉस्टला कृत्ये २ वाचा आणि त्याआधी उत्पत्ती ११ मधला बाबेलचा बुरूज.

उरला सामान्यकाळ, जवळजवळ अर्धं वर्ष. सण नाहीत म्हणून तो नीरस समजू नका, कारण एक पुस्तक सलग वाचायची संधी इथेच मिळते. ब वर्षात मार्क ओळीनं पुढे सरकतो आणि मध्येच पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय, भाकरीचा, येतो. कॉमन लेक्शनरीत जुन्या करारासाठी दोन वाटा आहेत. एकीत उतारा शुभवर्तमानाशी जोडलेला, दुसरीत कथा सलग : अ वर्षात उत्पत्तीपासून मोशेपर्यंत आणि पुढे, ब वर्षात शमुवेल आणि दावीद, क वर्षात संदेष्टे. नव्यानं शिकणाऱ्यानं सलग वाट घ्यावी. पहिल्या पानापासून वाचताना जिथे अडायला होतं, ते सगळं इथे आठवड्याला एक घास असं पचतं.

वही आणि सोबती

वहीत प्रत्येक रविवारला एक पान द्या. वर काळ, वर्ष आणि उतारे, खाली एक निरीक्षण, एक प्रश्न, एक ओळीची प्रार्थना. पानाचा खालचा भाग कोरा सोडा. तीन वर्षांनी तेच उतारे परत येतील, तेव्हा तिथे लिहायचं आहे. गटात बसत असाल तर आधी उतारा दोनदा मोठ्यानं वाचा, दोन वेगळ्या आवाजांत, आणि मगच चर्चा सुरू करा. समजावून सांगणारी पुस्तकं शेवटी उघडा, स्वतःच्या नोंदी झाल्यावर.

वर्षाच्या मध्यात सुरुवात करायला काहीच हरकत नाही. येणारा रविवार कोणता ते पाहा आणि तिथून धरा. दोनतीन आठवडे बुडाले तर मागचं भरून काढत बसू नका, ती पानं कोरी राहू द्या आणि येत्या रविवारचं शुभवर्तमान उघडा.